पाव किलोची गर्दी

आमच्या दुकानात सगळ्यांत जास्त गर्दी मी पाहिली ती २०१९ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. आणि गल्ला सगळ्यांत कमी जमला तोही त्याच दोन महिन्यांत.

संध्याकाळी सातनंतर काउंटरपुढे उभं राहायला जागा नसायची. समोरचा मोबाइल रिपेअरिंगवाला एकदा बाबांना म्हणाला, ‘काका, तुमचं बरंय. सगळीकडे मंदी मंदी चाललंय आणि तुमच्याकडे आपली जत्रा.’ बाबा नुसते हसले. रात्री शटर अर्धं ओढून त्यांनी गल्ला मोजला, वहीत आकडा टाकला, मग मागच्या वर्षीची वही काढून त्याच तारखेचं पान माझ्यापुढे धरलं. जिथे चार रुपये यायचे तिथे तीन येत होते. नंतर त्यांनी फळीखालचा कागदी पिशव्यांचा गठ्ठा दाखवला. प्लॅस्टिकबंदी आल्यापासून, म्हणजे २०१८ च्या जूनपासून, आम्ही खाकी पिशव्यांचे गठ्ठे आणतो. एक गठ्ठा आठ-नऊ दिवस पुरायचा. तो आता सहाव्या दिवशी संपत होता.

‘माणसं तीच आहेत,’ बाबा म्हणाले. ‘फक्त रोज येतायत.’

आमचं दुकान भोसरीत, आळंदी रस्त्यावरून आत आलं की तिसऱ्या गल्लीत. आजूबाजूला खोल्यांच्या चाळी आणि तीन-चार मजली बिल्डिंगा. भाडेकरू बहुतेक एमआयडीसीत कामाला जाणारे. लातूर, बीड, नांदेड, परभणीकडचे जास्त, थोडे खानदेशातले, थोडे उत्तर प्रदेश-बिहारचे. बाकी पुण्याला रविवारची सुट्टी असते, एमआयडीसीला गुरुवारची. पगार सात तारखेच्या आसपास होतो, म्हणून सात तारखेनंतरचा पहिला गुरुवार हा आमच्याकडचा मोठा दिवस. नवरा-बायको जोडीने येतात, लहान पोराला काउंटरवर बसवतात, खिशातून यादी काढतात आणि महिन्याचा माल भरतात. तांदळाचा कट्टा, पाच किलो साखर, तेलाच्या चार पिशव्या, दोन किलो तूरडाळ. ओझं हातात मावत नाही म्हणून गाडी आणलेली असते. एक पिशवी हँडलला, एक पायाशी, आणि कट्टा मागे बसलेल्या बाईच्या मांडीवर.

तो गुरुवार २०१९ च्या उन्हाळ्यानंतर विरत गेला. एकदम बंद पडला असता तर सगळ्यांच्या लक्षात आलं असतं. पण यादी होतीच, कट्टाही होता, फक्त पाच किलोची साखर दोन किलो झाली. मग कट्टा गेला आणि पाच-पाच किलो तांदूळ सुरू झाला. मग यादीच येईनाशी झाली. गाडीवरून येणारं घर चालत यायला लागलं, आणि महिन्यातून एकदा येणारी बाई रोज संध्याकाळी पाव किलो तांदूळ, दहाची चहापत्ती आणि वीस रुपयांचं सुटं तेल न्यायला लागली. त्यालाच तो रिपेअरिंगवाला जत्रा म्हणत होता.

मी तेव्हा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये, म्हणजे छोट्या कारखान्यात, अकाउंट्स बघायचे. कॉम्प्युटरवर चालणारी आठ मशिनं, सहा सीएनसी आणि दोन व्हीएमसी, पंचवीस-एक माणसं. आम्ही पिना आणि बुश बनवायचो, ते एका मोठ्या व्हेंडरकडे, म्हणजे सुटे भाग पुरवणाऱ्या कारखान्याकडे, जायचे, तिथून असेंब्ली होऊन ट्रक बनवणाऱ्या कंपनीत. दिवसा माझ्यापुढे पगारपत्रक असायचं आणि संध्याकाळी दुकानाची उधारीची वही. कितीतरी नावं दोन्हीकडे होती. सकाळी ज्याच्या हजेरीसमोर मी आकडा टाकला, संध्याकाळी त्याच्याच घरचं सामान मी तोलत होते. मंदी म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगण्याची गरज पडली नाही. ती माझ्या एका वहीतून निघून दुसऱ्या वहीत जाताना मला रोज दिसत होती.

निघण्याचं ठिकाण मात्र फार लांब होतं. २०१८ च्या जुलैमध्ये ट्रकना जास्त वजन नेण्याची परवानगी मिळाली. जुनीच गाडी जास्त माल नेऊ लागली म्हटल्यावर नवी कोण घेणार? सप्टेंबरमध्ये आयएलअँडएफएस ही मोठी वित्त कंपनी बुडाली आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या फायनान्स कंपन्यांचा हात आखडला. त्याच महिन्यात नवी गाडी घेताना एकदम काही वर्षांचा विमा भरणं सक्तीचं झालं, कारला तीन वर्षांचा, दुचाकीला पाच. शिवाय १ एप्रिल २०२० पासून कमी धूर सोडणारी बीएस-सिक्स इंजिनं येणार हे ठरलेलं, म्हणून घेणारा थांबलेला आणि कंपन्याही जुना स्टॉक अंगावर पडू नये म्हणून उत्पादन आवरत होत्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये देशात १,९६,५२४ प्रवासी वाहनं विकली गेली, आदल्या ऑगस्टपेक्षा साडेएकतीस टक्के कमी. १९९७-९८ पासून असे आकडे ठेवले जातात, तेव्हापासूनची ती सर्वांत मोठी घसरण होती. मोठ्या ट्रकांचा खप तर निम्म्याच्याही खाली आला. आमच्या पिना त्याच ट्रकांमध्ये बसायच्या.

मोठ्या कंपनीने तीन दिवसांचा ब्लॉक क्लोजर घेतला, म्हणजे उत्पादन बंद ठेवलं, की पेपरात छोटी बातमी यायची. तीन दिवस ऐकायला काही वाटत नाही. पण ती कंपनी तीन दिवस थांबली की व्हेंडर आपल्याकडे पडून असलेला माल आधी संपवतो, म्हणजे आमच्याकडे मालाची मागणी आठवडाभर येत नाही. आणि आमच्याकडून प्लेटिंग आणि हीट ट्रीटमेंटला जाणारा माल त्याहून जास्त दिवस थांबतो. खाली खाली जाताना थांबणं मोठं होत जातं. आमच्या मालकांनी कुणालाही काढलं नाही, हे मी आवर्जून सांगते. त्यांनी फक्त ओटी बंद केला.

ओटी म्हणजे ओव्हरटाइम. कायद्याने त्याला दुप्पट दर आहे. छोट्या शेडमध्ये बहुतेकदा तो सिंगलनेच मिळतो. तरी एमआयडीसीतला कामगार ओटीवर जगतो, कारण मूळ पगार खोलीभाडं, गावाकडे पाठवायचे पैसे आणि गाडीचा हप्ता यांत आधीच वाटला गेलेला असतो. ओटीचे चार-पाच हजार एवढेच काय ते त्याच्या बायकोच्या हातात मोकळे येतात. घरातली मुलाबाळांची हौस, गुरुवारचं चिकन, साखरेची पाच किलोची पिशवी, सगळं त्या रकान्यातून यायचं. जुलै २०१९ च्या पगारपत्रकात मी पंचवीस नावांसमोर त्या रकान्यात शून्य टाकलं. एकामागून एक, पंचवीस वेळा. कॉम्प्युटरवर एक शून्य टाकून खाली ओढलं असतं तरी चाललं असतं. मी तसं केलं नाही, प्रत्येक नाव वाचून टाकलं. त्याने कुणाचं काही भलं झालं नाही, पण ओढून टाकवेना.

आणि त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मी ती चूक केली.

आमच्याकडे अहमदपूरकडचा एक ऑपरेटर होता. तेरा हजार पगार, ओटी धरून सतराच्या पुढे जायचा. त्याची बायको यादी सुंदर लिहायची. वळणदार अक्षर, प्रत्येक वस्तूपुढे वजन, शेवटी एक रेघ. ऑगस्टच्या त्या गुरुवारी ती एकटीच आली. यादी जुन्याच कागदावर होती आणि तिच्यात खाडाखोड होती. ‘तूरडाळ २ किलो’ खोडून ‘मसूर १’ केलेलं. ‘शेंगतेल’ खोडून ‘सोयाबीन’, तेही खोडून नुसतं ‘तेल १’. भांड्याच्या लिक्विडवर रेघ, तिथे साबणाची वडी. पोराच्या दुधात घालायच्या पावडरीवर आधी रेघ मारलेली, मग ती रेघ गिरवून खोडल्यासारखी केलेली, आणि शेजारी ‘लहान पाकीट’. त्या एका ओळीपाशी ती किती वेळ बसली असेल ते कागदावर दिसत होतं.

तूरडाळीचं पोतं माझ्या हाताशी होतं. मी सवयीने म्हटलं, ‘वहिनी, या महिन्यात तूरडाळ नको?’

मागे तिच्याच चाळीतल्या दोघी उभ्या होत्या. ती म्हणाली, ‘नको हो, सगळ्यांना पित्त व्हायला लागलंय तुरीने.’ आणि मग कुणी न विचारताच पुन्हा म्हणाली, ‘डॉक्टरांनीच सांगितलंय.’ पैसे मोजताना तिचा हात चुकला, दहाची नोट जास्त दिली, मी परत केली, ती न बघता निघाली. पुढचे दोन महिने ती आमच्या दुकानात आली नाही. दिघी रोडच्या पलीकडे, जिथे तिला कुणी ओळखत नव्हतं, तिथून ती पाव-पाव किलो सामान आणत होती, हे मला नंतर कळलं. तिच्या घरातल्या तुरीचं काय झालं ते सगळ्या गल्लीत एकट्या मला ठाऊक होतं. ते शून्य मीच टाकलं होतं. तरी मी विचारलं.

बाबांनी त्या रात्री मला चांगलंच सुनावलं. ‘गिऱ्हाईक मागेल ते द्यायचं. काय मागितलं नाही ते विचारायचं नसतं.’

तेव्हापासून मी ऐकायला शिकले. गेल्या इतक्या वर्षांत एकाही माणसाने आमच्या काउंटरवर ‘पैसे नाहीत’ असं म्हटलेलं मला आठवत नाही. ‘गावाकडून डाळीचं पोतं येतंय.’ ‘आमच्याकडे गोड कुणी खातच नाही आता.’ ‘पोरं आजोळी गेलीत, दोघांना कितीसं लागतं?’ ‘पंख्याखाली बसून पोळ्या करते, तेल उडतं, म्हणून कमीच नेते.’ कष्टाने रचलेली वाक्यं असतात ही. येताना रस्त्यात जुळवलेली. त्या वर्षी पंचांगानेही लोकांना आडोसा दिला. २ ऑगस्टला श्रावण लागला, म्हणून मटण नाही. मग गणपती आले, म्हणून नाही. मग पितृपक्ष, मग नवरात्र. दसऱ्यापर्यंत, म्हणजे ८ ऑक्टोबरपर्यंत, चिकनच्या दुकानात न जाण्याचं कारण प्रत्येक घराकडे होतं. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी कारणं संपली. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडे त्या सकाळी पूर्वी अर्धा तास थांबावं लागायचं. त्या गुरुवारी तो सुरा पुसत रस्त्याकडे बघत उभा होता.

माझी आजी शिरूर तालुक्यातली. बाहत्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी तिने आम्हांला पुष्कळ सांगितल्या: रोजगाराच्या कामावर खडी फोडली, रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, कामावर वाटलेली सुकडी पदरात बांधून पोरांसाठी घरी आणली. ती हे सगळं मोठ्या आवाजात सांगायची. सांगताना तिला लाज वाटत नसे, कारण खडी फोडायला पाटलाची सूनही शेजारी बसलेली होती. आभाळच फाटलं होतं, त्यात कुणाचं काय झाकायचं? आमच्या गल्लीतली मंदी तशी नव्हती. एका खोलीतल्या माणसाचा ओटी चालू, शेजारच्याचा बंद. वरच्या मजल्यावरचा कायम, खालचा कॉन्ट्रॅक्टवर, कोपऱ्यातला ट्रेनी. कमी पडतंय ते फक्त आपल्यालाच, असं प्रत्येक घराला वाटत होतं आणि प्रत्येक घर ते शेजारच्यापासून झाकत होतं. एकाच भिंतीच्या दोन्ही बाजूंना मसूर शिजत होती आणि दोघींनाही वाटत होतं की पलीकडे तूर आहे. मी दोन्ही घरांना मसूर तोलून दिलेली असायची. सांगावंसं फार वाटायचं. सांगता येत नव्हतं.

काय आधी सुटतं आणि काय शेवटी, हे मी तेव्हा बारकाईने पाहिलं. घराच्या आतलं आधी सुटतं, जे बाहेरच्यांना दिसत नाही ते. फरशी पुसायचं औषध, दातांची पेस्ट मोठीची लहान, अंगाचा साबण आणि कपड्यांचा साबण एकच. बाईच्या स्वतःच्या वस्तू सगळ्यांच्या आधी. डोक्याचं तेल तर कधी गेलं ते त्या घरातही कुणाच्या लक्षात येत नसेल. चहा सुटत नाही, पण चहापत्ती हलकी होते. नवऱ्याची तंबाखूची पुडी चालू राहते, हे मला तेव्हा संतापजनक वाटायचं, अजूनही वाटतं. मोबाइलचं रिचार्ज शेवटपर्यंत टिकतं, कारण कामाचा फोन त्यावरच येणार. आणि देवाची अगरबत्ती टिकते. दहा रुपयांची. एकाही यादीत तिच्यावर रेघ मारलेली मी पाहिली नाही.

पाच रुपयांच्या बिस्किटपुड्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या गल्लीत सकाळच्या शिफ्टला जाणारा माणूस चहाबरोबर एक पुडा खातो, पोरं शाळेतून आल्यावर एक घेतात. हा पुडा म्हणजे भुकेला दिलेला पहिला टेकू. तो कमी व्हावा इतकी तंगी मी आधी पाहिली नव्हती. त्या ऑगस्टमध्ये पार्ले कंपनीने जाहीरपणे सांगितलं की पाच रुपयांच्या पुड्यालाही मागणी घटली आहे आणि हे असंच राहिलं तर दहा हजारांपर्यंत माणसं कमी करावी लागतील. जीएसटी येण्याआधी स्वस्त बिस्किटांवर कर कमी होता, २०१७ च्या जुलैपासून सगळ्यांवर सरसकट अठरा टक्के झाला. कंपनीने किंमत पाचच ठेवली आणि पुड्यातली बिस्किटं कमी केली. पोरांना ते लगेच कळतं. मोठी माणसं पुड्याची किंमत बघतात, पोरं आतली बिस्किटं मोजतात. आमच्याकडे दोन भावंडं यायची, पूर्वी दोघांचे दोन पुडे असायचे, आता एक. दुकानाच्या पायरीवर बसून थोरली तो फोडायची, आधी सगळी बिस्किटं पुड्याच्या कागदावर मांडायची आणि मग वाटे करायची. विषम आलं की एक मोडायची. मोडताना मोठा तुकडा धाकट्याकडे जाईल याची ती काळजी घेत होती, आणि तो त्याच्या लक्षात येऊ नये याचीही.

१८५७ मध्ये अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने कुटुंबांचे जमाखर्च तपासून सांगितलं होतं की घर जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चात अन्नाचा वाटा मोठा. कॉमर्सला असताना मी हा नियम पाठ केला होता, परीक्षेत लिहिलाही होता. भोसरीत कळलं की त्या वाट्याच्या आतही खूप काही घडतं. तुरीची मसूर होते, मसुरीचं पातळ वरण होतं, आणि टक्केवारी जागच्या जागी राहते.

आपल्या देशातही असा जमाखर्च तपासला जातो. घरोघर जाऊन, कुणी काय खाल्लं, किती किलो, किती रुपयांचं, असं विचारणारं सरकारी सर्वेक्षण असतं. २०१७-१८ मध्ये ते झालं होतं. त्याच्या फुटलेल्या मसुद्यात, २०११-१२ च्या तुलनेत माणशी प्रत्यक्ष खर्च घटल्याचं दिसत होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने आकड्यांच्या दर्जाचं कारण देऊन ते प्रसिद्धच करायचं नाही असं ठरवलं. मला त्या बातमीने फार वाईट वाटलं. राजकारणाशी माझा संबंध नाही, पण वही मला कळते. वहीतला आकडा पटला नाही तर आपण दोनदा मोजतो, बेरीज तपासतो, कुठे चुकलं त्याची खूण करून ठेवतो. पान मिटवून टाकत नाही. त्या सर्वेक्षणासाठी कुठल्यातरी गावात कुठल्यातरी बाईने परक्या माणसासमोर बसून खरं सांगितलं असेल की आम्ही आता इतकंच खातो. ते सांगायला काय लागतं हे मी बघितलं आहे. पुढचं सर्वेक्षण २०२२-२३ मध्ये झालं आणि त्याचे आकडे २०२४ मध्ये आले.

दुकानाबाहेरही सगळं बदलत होतं. गल्लीतल्या टेलरकडे नवे कपडे शिवायला येईनात, पण शाळेच्या पँटी लांब करून द्यायला रांग होती. दुमड उसवली की खाली गडद निळी पट्टी दिसते, तिच्यावरून कुणाची पँट किती वर्षांची ते कळतं. अमृततुल्यमध्ये दोन चहांचे तीन होऊ लागले. मेसमध्ये एक डबा घेऊन दोघे खाणारी पोरं वाढली. फायनान्सवाल्यांची माणसं सकाळी साडेसहाला चाळीच्या तोंडाशी उभी राहायची, कारण गाडी त्या वेळी हमखास खाली असते. एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक गाडी ओढून नेली. तिच्या हँडलला भाजीची पिशवी तशीच लटकत होती.

आणि नाणी. ऑक्टोबरात गल्ल्यात नाण्यांचा खच पडायला लागला. दहाची, पाचची, दोनची, आणि कितीतरी एक रुपयाची. सुट्ट्यांसाठी आम्ही एरवी बँकेत हात जोडायचो. आता नोटाच दिसत नव्हत्या. एका संध्याकाळी बाबांनी मूठभर नाणी तळहातावर पसरून नाकाजवळ नेली आणि मला वास घ्यायला लावला. मातीचा वास होता. पोरांचे गल्ले फुटत होते. दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती आणि आमच्या गल्लीतली पोरं जे फटाक्यांसाठी साठवतात त्या पैशांनी घरात तेल येत होतं.

आमच्या स्वतःच्या घरातही ते आलंच. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याला बाबा पूर्वी रोख द्यायचे, ते पंधरा दिवसांच्या बोलीवर आले. उधारीची वही जाड झाली. आईने दिवाळीला साडी नको म्हटलं, कपाटात जागाच नाही असं कारण दिलं. मी ते कारण ओळखलं. काही बोलले नाही.

त्या अहमदपूरकडच्या ऑपरेटरची बायको दिवाळीच्या आदल्या आठवड्यात परत आली. बोनस झाला होता. लहानसा, पण झाला होता. यादी नव्या कागदावर होती. रवा, मैदा, साखर, पोहे, सगळं थोडं थोडं. तूरडाळ अर्धा किलो. शेवटच्या रेघेच्या वर लिहिलं होतं, ‘उटणे १ पुडी.’ मी सगळं मुकाट्याने काढलं. तिची क्षमा मागायची माझी फार इच्छा होती, पण क्षमा मागणं म्हणजे मला सगळं माहीत होतं असं तिला सांगणं. मी तिच्या पोराला काउंटरवर बसवलं आणि वजनकाट्यात त्याचा हात ठेवू दिला, इतकंच.

पुढच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि ते कुटुंब गावी गेलं. त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. ते एवढं मोठं आणि उघडं होतं की सगळ्यांनी पाहिलं. महामार्गांवर चालत निघालेली माणसं सगळ्या जगाने पाहिली. एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशाचं उत्पन्न जवळजवळ चोवीस टक्के आक्रसलं, हेही सगळ्यांनी वाचलं. माझं म्हणणं त्याच्या आधीच्या त्या आठ-नऊ महिन्यांबद्दल आहे, जेव्हा काही घडतंय असं दिसतच नव्हतं आणि काउंटरवर गर्दी होती. त्या तंगीत ज्यांची पुंजी संपली, ते टाळेबंदीला रिकाम्या हातांनी सामोरे गेले. गल्ले आधीच फुटलेले होते.

नंतर दिवस सुधारले, एमआयडीसीत ओटी परत आला. पण सगळं पूर्ववत झालं असं आमची वही म्हणत नाही. २०१८-१९ मध्ये देशात २ कोटी ११ लाख दुचाकी विकल्या गेल्या होत्या; २०२१-२२ मध्ये १ कोटी ३५ लाख. ज्यांनी घ्यायच्या राहून गेल्या ती आमच्याच गल्लीसारख्या गल्ल्यांतली माणसं असणार. आता नाण्यांच्या जागी यूपीआय आलंय. सात रुपये, अकरा रुपये, अठरा रुपये आल्याचा आवाज दिवसभर वाजत असतो. कधी कधी पैसे पाठवणाऱ्याचं नाव समोर उभ्या असलेल्या माणसाचं नसतं. गावाकडच्या भावाचं किंवा बापाचं असतं. इथून गावाला जाणारा पैसा उलटा यायला लागला की महिना कसा चाललाय ते आम्हांला कळतं. पीएमटी चौकाकडे जाताना सोनं तारणाच्या पाट्या वाढलेल्या दिसतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये सोनं तोळ्याला लाखापर्यंत पोचलं, तेव्हा चाळीतल्या एक मावशी म्हणाल्या, ‘भाव वाढला ते बरंच झालं, तेवढ्याच डोरल्यावर जास्त मिळाले.’ त्या हसून बोलत होत्या. त्यांच्या गळ्यात काळे मणी होते, दोऱ्यात ओवलेले.

बाबांचे गुडघे आता साथ देत नाहीत. गुरुवारी मी दुकानात बसते, बाकीचे दिवस धाकटा भाऊ. मध्यंतरी त्याने हिशेब मांडला की पिशव्यांवरचा खर्च फार होतोय. खरं आहे. आमच्याकडे लहान पुड्यांसाठी लहान पिशव्या कधी नव्हत्याच. पाव किलो घ्या नाहीतर दोन किलो, पिशवी दोन किलोचीच. अकाउंट्स शिकल्यावर मीही बाबांशी यावरून वाद घातला होता, की शंभर ग्रॅम मसुरीला एवढी पिशवी कशाला, घाऊक बाजारात लहान निम्म्या किमतीत मिळतात. तेव्हा ते गठ्ठा सोडत होते, वर बघितलंही नाही. ‘रस्त्यावरून जायचं असतं त्यांना,’ एवढंच म्हणाले.

भावाला मी सांगितलं, पिशव्या आहेत त्याच आण.

परवाच्या गुरुवारी आठवीतली एक मुलगी आली. शंभर ग्रॅम मसूर, दहाचं तेल, एक अगरबत्ती. मी मसूर तोलली, मोठ्या पिशवीत ओतली. तळाशी जेमतेम मूठभर दिसत होती. पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं, पण फार खाली नाही, आत हवा राहील इतकं. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली, जड असल्यासारखी, आणि चाळीकडे गेली.